वर राहिलेला हात

एका राज्यात, जिथे डोंगर तलावात वाकून आपले रूप न्याहाळत, एक नगर होते. नगराचे धान्य एका कोठारात होते आणि कोठाराचे दार कर्दम नावाच्या मांत्रिकाने काळ्या शिसवीचे घडवले होते. त्या दाराला कुलूप नव्हते, पहारा नव्हता. नगराच्या सभेत पाच पंच बसत. कोणत्या सेवकाला किती मोबदला द्यायचा, ते हात वर करून ठरवत. बहुतेक हात वर गेले, की दार आपोआप उघडे आणि ठरला तेवढा वाटा बाहेर सरके. ना दाणा जास्त, ना दाणा कमी.

दार देताना कर्दमाने एकच अट घातली होती. ज्याचा वाटा ठरतो आहे, त्याच्या घरच्या माणसाने सभेत बसू नये. जुने पंच अशा वेळी उठून बाहेर जात. पुढे पुढे लोकांना वाटू लागले, की ही माणसे पान खायला जातात. मग पानाची तबके सभेतच येऊ लागली आणि उठायचे कुणाला काही कारणच उरले नाही.

या सभेची प्रमुख होती शाल्मली. बुद्धीने तीक्ष्ण, बोलण्यात सरळ. तिचा धाकटा भाऊ केतक तलावाच्या बांधाचा राखणदार होता. आईबाप लवकर गेले, तेव्हा शाल्मलीनेच त्याला वाढवले. त्या वर्षी महापूर आला. केतकाने बांधाच्या दाराला खांदा लावून ते धरून ठेवले आणि नगर वाचले. पूर ओसरल्यावर सभेत प्रश्न आला, की केतकाचा वाटा दुप्पट करावा काय?

सुमुख नावाच्या पंचाने लगेच हात वर केला. वैद्यबुवांनीही केला. धरणीधर नावाचा वयोवृद्ध पंच मात्र हात मांडीवर ठेवून बसला. त्याच्या शेजारचा विणकरांचा पंचही तसाच बसला. दोन इकडे, दोन तिकडे. सगळे शाल्मलीकडे पाहू लागले.

तिच्या मनात आले, माझा भाऊ आहे म्हणून त्याचे गुण नाकारू काय? सारे नगर जाणते त्याने काय केले ते. आणि तिने हात वर केला.

दार उघडले. वासराएवढे पोते बाहेर सरकले. मग दार मिटले ते असे, की भिंत कुठे संपते आणि दार कुठे सुरू होते हे कुणाला सांगता येईना.

शाल्मलीने हात खाली घेऊ पाहिला. हात आला नाही.

केतकाने आनंदाने पोते पाठीवर घेतले आणि तो बांधाकडे निघाला. तिथे पोहोचून ओझे उतरवू गेला, तर ते पाठीला चिकटलेले. एक पाऊल टाकले, ते मातीत रुतले. दुसरे टाकले, तेही रुतले. मग त्याला पाऊल टाकताच येईना. पोते जड होत गेले आणि केतक रोज थोडा थोडा जमिनीत जाऊ लागला.

इकडे कोठारापुढे बायका सुपे घेऊन उभ्या राहिल्या. दार उघडले नाही. दुसऱ्या दिवशीही उघडले नाही. घराघरांतून मडकी खरवडल्याचे आवाज येऊ लागले.

राजा सुषेण स्वतः आला. त्याने दारावर थाप मारली, हुकूम दिला, मग मुकुट काढून हातात घेतला.

"शाल्मली," तो म्हणाला, "माझा शब्द सैन्य ऐकते, नद्यांवरचे नावाडी ऐकतात. हे दार ऐकत नाही. ते फक्त हात पाहते. तुझ्या हातात त्याला काहीतरी चुकीचे दिसले आहे."

"महाराज, चूक माझी. मार्ग मीच शोधते."

कोठाराच्या कौलांवर एक धनेश पक्षी राहत असे. चोच मोठी, बोलणे थोडके. तो उडून खाली आला आणि म्हणाला, "कर्दम अजून जिवंत आहे. चल. मी पुढे उडतो."

ती निघाली. वर राहिलेला हात घेऊन चालणे म्हणजे मोठी पंचाईत. नावाडी लांबूनच नाव वळवत, त्यांना वाटे ही आपल्याला बोलावते आहे. गुराखी थांबत. एक बगळा तर तिच्या मनगटावर बसून निवांत झोपला आणि त्याला उठवायला धनेशाला चोच मारावी लागली. शाल्मलीला हसू आले आणि पाठोपाठ रडूही आले.

डोंगराच्या कुशीत कर्दमाची गुहा होती. तो दोरीवर उन्हाचे पट्टे वाळत घालत होता. तिला पाहून त्याने काम थांबवले नाही.

"कुणासाठी उचललास?"

"भावासाठी."

"लायक आहे?"

"आहे."

"कशावरून म्हणतेस?"

"मी त्याला अंगाखांद्यावर खेळवले आहे."

"म्हणूनच विचारतो," कर्दम म्हणाला. "दाराने तुझ्या भावाला नालायक म्हटलेले नाही. त्या दाराला एवढेच कळते, की तुझा हात मोकळा नव्हता."

शाल्मली खाली बसली. "शाप उतरेल काय?"

"तीन कामे कर. त्याच्या वैऱ्याच्या तोंडून त्याची स्तुती आण. त्याने ज्याला दुखावले, त्याच्या तोंडून त्याचे गाऱ्हाणे आण. ते ऐकताना मध्ये एक शब्द बोलायचा नाही. आणि त्याचा वाटा पुन्हा ठरेल तेव्हा उंबरठ्याबाहेर उभी राहा. आतले सगळे तुला दिसेल. पण पाऊल आत पडले, तर हात दगडाचा होईल आणि भाऊ मातीचा."

त्याने तिला दोन शिंपले दिले. त्यांत बोललेले शब्द साठून राहत आणि शिंपला उघडला की पुन्हा बोलत.

वैरी शोधायला तिला लांब जावे लागले नाही. तलावाच्या डोहात एक दैत्य राहत होता. बांधाचे दार त्याची वाट अडवून होते. शाल्मली काठावर उभी राहिली आणि तिने हाक मारली. पाणी फुगले, शेवाळाने माखलेले डोके वर आले.

"कोण? राखणदाराची बहीण? तो बुडतो आहे ना मातीत? छान झाले."

"त्याच्याविषयी काही चांगले सांग."

दैत्य इतका हसला, की काठावरचे बेडूक पाण्यात पडले. "सांगतो. आधी बांधाचे दार उघड. मला नदीत जाऊ दे."

"ते दार उघडायचा अधिकार माझा नाही."

"तुझा भाऊ मरतो आहे!"

"खाली नदीकाठी माणसे राहतात."

"तूही तसलीच!" दैत्य खवळला. "दर वर्षी मी त्याच्यापुढे मोत्यांची रास ओततो. म्हणतो, एवढी एक फट ठेव. तो मोती पाण्यात परत ढकलतो आणि वर मला विचारतो, जेवलास काय! पुरात मी त्याला लाटेमागून लाटेने आपटले. खांदा निखळला त्याचा, दार सोडले नाही. असा चिवट, असा न विकला जाणारा माणूस मी सात पिढ्यांत पाहिला नाही. जळो तो!"

शाल्मलीने शिंपला मिटला. तो कोमट झाला होता.

"मी स्तुती केलेली नाही," दैत्य म्हणाला.

"बरे," ती म्हणाली आणि निघाली.

दुसरे काम तिला सोपे वाटले होते, कारण केतकाने कुणाला दुखावले असेल हे तिला खरेच वाटत नव्हते. ती नदीच्या कडेने खाली खाली गेली. झाडीच्या पलीकडे कुंभारांची वस्ती होती. तिथे भागी नावाची म्हातारी चिखलातून फुटकी खापरे वेचत होती.

"आजी, मी शाल्मली. बांधाच्या राखणदाराची बहीण. त्याच्याविषयी तुमचे काही गाऱ्हाणे आहे काय?"

भागीने खापर खाली ठेवले. मग म्हणाली, "विचारायला आलीस, ते तरी बरं झालं बाई. कुणी आलं नव्हतं."

ती चुलीच्या दगडावर बसली. "पाणी वाढलं तसं तुझ्या भावानं बाजूचा सांडवा उघडला. उघडायलाच हवा होता, मी अडाणी नाही. पण ते पाणी आलं आमच्याकडं. भट्टी गेली. वाळत ठेवलेली सगळी मडकी गेली. सोन्या माझा दावणीला होता."

कोण सोन्या, हा प्रश्न शाल्मलीच्या ओठांपर्यंत आला. तिने पदराचा शेव दातांत धरला.

"गाढव गं. माती वाहायचा. तो ओरडत होता, मला ऐकू येत होतं, पण दाव्यापर्यंत पाणी आलं होतं. तुझ्या भावानं एकदा इशाऱ्याचा डफ वाजवला असता, नुसता एकदा, तर मी दावं तरी सोडलं असतं. माझं एवढंच आहे."

त्याने दार धरले होते, त्याचा खांदा निखळला होता, त्याने नगर वाचवले, असे सगळे शब्द शाल्मलीच्या घशात गोळा झाले. तिने ते गिळले. शिंपला मिटला तेव्हा तो दगडासारखा जड झाला होता. तिने मोकळ्या हाताने म्हातारीची खापरे टोपलीत भरून दिली आणि ती नगराकडे वळली.

बांधावर केतक छातीपर्यंत जमिनीत गेला होता. तिने त्याला पाणी पाजले.

"केतक, सांडवा उघडलास तेव्हा डफ का वाजवला नाहीस?"

तो म्हणाला, "विसरलो, ताई. वरचे नगर डोळ्यांसमोर होते. खालची वस्ती झाडीआड होती."

"सभेला हे ऐकू देऊ काय?"

केतकाने डोळे मिटले. "ऐकू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी सभा भरली. कोठारापुढच्या मंडपात चार पंच बसले, पाचवे आसन रिकामे. राजा सुषेण लोकांत उभा राहिला. शाल्मलीने दोन्ही शिंपले आत दिले आणि ती मंडपाच्या उंबरठ्याबाहेर जाऊन थांबली.

पहिला शिंपला उघडला. दैत्याचा आवाज घुमला, लहान मुले आयांना बिलगली. दुसरा उघडला. भागीचा आवाज आला आणि साऱ्या सभेच्या माना खाली गेल्या.

"आता हात," राजा म्हणाला.

वैद्यबुवांनी हात वर केला. सुमुखाने केला नाही.

"सुमुखा, मागे तू केला होतास," वैद्यबुवा म्हणाले.

सुमुखाचा चेहरा पडला. "मागे प्रमुख समोर बसल्या होत्या. माझे काम उद्या त्यांच्याकडेच पडणार होते. खरे सांगायचे तर पुराच्या वर्षी कुणाचाच वाटा वाढवू नये, असे मला तेव्हाही वाटत होते."

शाल्मलीने उंबरठ्याकडे पाहिले. एक पाऊल. एवढेच अंतर. तेवढ्यात धनेश कौलांवर येऊन बसला.

"माती गळ्याशी आली," तो म्हणाला.

तिचे पाऊल उचलले गेले. पायाचा अंगठा उंबरठ्यावर टेकला. आत जाऊन सांगता आले असते. सुमुखाला एक नजर पुरली असती. तिला हे पक्के ठाऊक होते, आणि ते कळले म्हणून तिने पाऊल मागे घेतले. खांबाला पाठ टेकून ती उभी राहिली.

धरणीधर सावकाश उठला.

"मी मागे हात उचलला नाही," तो म्हणाला. "केतक पोरगा चांगला आहे, हे मला माहीत होते. पण त्याची बहीण प्रमुख. मी हो म्हटले असते, तर लोक म्हणाले असते, म्हातारा तिची खुशामत करतो. ती इथे बसली होती तोवर मला खरे बोलायला जागाच नव्हती. आज आहे. त्याचा वाटा वाढवावा. दुप्पट नव्हे, दीडपट. आणि सांडवा उघडण्याआधी त्याने खालच्या वस्तीकडे तोंड करून डफ वाजवावा. तो चुकला, तर वाढ गेली. भागीची भट्टी नगराने बांधून द्यावी आणि एक गाढव द्यावे."

त्याने हात वर केला. वैद्यबुवांनी मान डोलावून आपला हात तसाच ठेवला. विणकरांच्या पंचाने क्षणभर विचार केला आणि त्याचाही हात वर गेला.

चारांत तीन.

शिसवीच्या दारावर आधी एक बारीक रेघ उमटली. मग रेघेची फट झाली. आणि दार उघडले. आतून नव्या धान्याचा वास आला तसा सारा मंडप एकदम बोलू लागला.

बांधावर केतकाच्या पाठीवरचे पोते रिते होऊन गळून पडले. जमिनीने त्याला असे वर सोडले, जशी ओली माती मुळा सोडते. आणि उंबरठ्याबाहेर शाल्मलीचा हात खाली आला. त्याला इतक्या मुंग्या आल्या, की ती तो पोटाशी धरून खाली बसली आणि हसता हसता रडू लागली. शेजारच्या बाईने तिचा हात चोळून दिला.

त्या दिवशी नगरात सगळ्या चुली पेटल्या. भागीला गाढव मिळाले. ती म्हणाली, हा सोन्या नव्हे, आणि त्याच्या गळ्यात आपल्या हाताने दावे बांधले, सुटायला सोपे असे.

पुढे राजाच्या मेहुण्याचा वाटा ठरायचा होता. राजा सुषेण कुणी सांगण्याआधीच उठला आणि अंगणात जाऊन उभा राहिला. ऊन होते. कुणीतरी त्याला छत्री नेऊन दिली.

घरी केतक जेवायला बसला. अंगाला अजून मातीचा वास होता. शाल्मलीने त्याला भाकरी वाढली.

"ताई," तो म्हणाला, "तू आत असतीस, तर दुप्पट मिळाले असते."

"हो," ती म्हणाली. "आणि डफाचे कुणी विचारलेही नसते."

केतकाने भाकरी मोडली. मान हलवून तो जेवू लागला.

डोंगर त्या दिवशीही तलावात वाकले होते आणि पाणी त्यांच्यापुढे शांत होते. त्यांचे सुखाने पार पडले, तसे ऐकणाऱ्यांचेही पडो.