साहेबांची कॉमेंट्री

घोरपडेबाई क्रिकेटच्या कॉमेंट्रीवरून मुलांना इंग्रजी शिकवत. तपासणीला आलेले साहेब कडाडले, "ही शाळा आहे की मैदान? आजपासून हे बंद! अशानं कुणाला इंग्रजी बोलता येतं का?"

बाईंनी सातवीतल्या रुक्सानाला खूण केली. तिनं पट्टीचा माइक केला आणि इंग्रजीत सुरू झाली, "साहेब मैदानात उतरलेत. चेहरा लाल आहे. फार रागावलेत!"

"मी रागावलेलो नाही!" साहेब इंग्रजीतच ओरडले.

"रागावलेलो नाही म्हणतात," रुक्सानाची कॉमेंट्री चालूच, "पण टेबलावर मूठ आपटली!"

वर्ग खदखदून हसला. बाई ताठ मानेनं म्हणाल्या, "साहेब, पुस्तकातल्या धड्याला तुम्ही कधी असं इंग्रजीत उलट उत्तर दिलं होतंत?"

साहेबांनी तोंड उघडलं. समोर माइक आलेला पाहून मुकाट्यानं मिटलं.