पाठीवरच्या गोचिडी

शके अठराशे पंचाण्णव, चैत्र महिना. आदल्या साली पाऊस चुकला होता. एका जंगलात डोहाकाठच्या उंबरावर वानरींची टोळी होती आणि टोळीवर एक हुप्प्या होता. पिकलेले तो खायचा, हिरवे बाकीच्यांना. एके दिवशी त्याने थोरल्या वानरीचे तान्हे पिल्लू ओढले. सगळ्या पाहत राहिल्या. एक तरुण वानरी मात्र त्याच्या अंगावर गेली. तिचा कान तुटला, पण पिल्लू सुटले. ते पाहून बाकीच्याही उठल्या आणि सगळ्यांनी मिळून हुप्प्याला हाकलले.

थोरली म्हणाली, "पोरी, हे ऋण माझ्यावर राहिले. तुझी पाठ मी साफ करीन."

मुलांनो, वानराचा हात स्वतःच्या पाठीवर नीट पोहोचत नाही. तिथली गोचीड दुसऱ्यानेच काढावी लागते. टोळी त्यासाठी असते.

महिनाभराने कानतुटीने विचारले, "थोरल्या बाई, वरच्या फांदीवर आता तुम्ही आणि तुमच्या लेकी. पिकलेलं तुम्हाला, हिरवं आम्हाला. मग हुप्प्या काय वेगळं करत होता?"

थोरलीची लेक म्हणाली, "हिला त्याची आठवण येते वाटतं. कान त्यानेच तोडला ना? लाडाने चावला असेल."

फांद्याफांद्यांवर हशा झाला. थोरली हसली नाही, पण तिने लेकीला गप्पही केले नाही. "हिच्या पाठीला कोणी हात लावायचा नाही," एवढेच ती म्हणाली.

कानतुटी दूर पळसावर जाऊन बसली. तिच्या पाठीवर गोचिडी वाढल्या, अंगातले रक्त आटले. एकीला दया आली, तिने दोन गोचिडी काढल्या. तिलाही उंबरावरून उठवले. तिची बाजू घेणारीलाही उठवले. पावसाळ्यापर्यंत जिला तिला वेगळे झाड झाले. पण त्या तरी एकत्र याव्यात? "मी तुमच्यातली नाही, मला चुकून काढलंय," असे जी ती सांगे आणि पाठ फिरवून बसे.

आषाढात हुप्प्या परत आला. झाडाझाडावर एकेकट्या बसलेल्या वानरी त्याने पाहिल्या आणि तो सरळ उंबरावर चढला. पुन्हा तेच पिल्लू ओढले. लेकी शेंड्याला पळाल्या. थोरलीने हाका मारल्या.

"आम्हाला काढलं ना, आता तुमचं तुम्ही बघा," एक झाड म्हणाले. बाकीची झाडे पाठ फिरवून बसली.

पळसावरून कानतुटी आली. तिने हुप्प्याच्या पायाला दात रोवले आणि पिल्लू सुटेपर्यंत सोडले नाहीत. मग त्याने तिला खाली भिरकावले. अंगात जोर असता, तर तिने फांदी धरली असती.

हुप्प्या वरच्या फांदीवर बसून पिकलेली उंबरे खाऊ लागला. थोरली पिल्लाला छातीशी धरून खाली उतरली. कानतुटीच्या मागे बसली. एकेक करून तिने सगळ्या गोचिडी काढल्या. पाठ साफ झाली, तोवर ती थंड पडली होती.

यातले तात्पर्य : जुलमी हाकलून जे त्याच्याच जागेवर बसतात आणि आपलेच माणूस वाळीत टाकतात, ते त्याच्या परतीची वाट झाडून ठेवतात.