बर्थलमयाची कातडी

यातले काहीही मी पाहिलेले नाही. ज्याने पाहिले, त्या ब्रदर इनासकडून ऐकले. आणि त्यानेही जे निर्णायक होते ते पाठमोरेच पाहिले, हे आधी नोंदवते.

“याहून वेगळा पुरावा काय हवा, फादर?” इनास विचारत होता.

तो धर्मगुरू होण्यासाठी सेमिनरीत शिकत होता आणि सुट्टीपुरता त्या मच्छीमार गावाच्या चर्चमध्ये राहायला आला होता. समोर म्हातारे फादर बस्त्याव. बाहेर अंगणात गाव जमलेले, हातांत वल्ही.

सकाळी मिस्साच्या उपासनेचा चांदीचा प्याला जागेवर नव्हता. जाळी विणणाऱ्या पास्कूला संशयावरून वेदीमागच्या खोलीत कोंडले होते.

“पहाटे मी त्याला इथून बाहेर पडताना पाहिलं.”

“चेहरा पाहिलास?”

“पाठ. पण पाठीवर शिडाच्या कापडाचं ठिगळ असलेला तसला पिवळा सदरा गावात दुसऱ्या कुणाचा आहे?”

“कुणाचा नाही.”

“शिवाय शपथ...”

गावाची ही रीत जुनी आहे. चर्चमध्ये संत बर्थलमयाची लाकडी मूर्ती आहे. या प्रेषिताला एका राजाने जिवंतपणी सोलले, असे परंपरा मानते. काही वृत्तान्तांत त्याचे मरण वेगळे सांगितले आहे. मूर्तीच्या हातावर त्याची स्वतःची कातडी टाकलेली आहे, उपरण्यासारखी. संशयिताने त्या कातडीवर हात ठेवून ‘मी नाही’ म्हणायचे. हात थरथरला, तर चोर तोच.

पास्कूचा हात थरथरला होता.

“काय करणार म्हणतात ते?” फादरांनी विचारले.

“दोन्ही हात मोडणार. मनगटातून.” इनासचा आवाज खाली आला. “बाहेर सगळ्यांच्या पुढे उभा आहे तो कैतान म्हणतो, ब्रदरनी फक्त ‘तोच’ म्हणावं, पुढचं आम्ही बघतो.”

“आणि तू म्हणणार?”

“पाहिलं ते म्हणणार. देवाच्या घरातली चोरी आहे, फादर. शिक्षेची दहशत हवीच.”

“राजालाही तसंच वाटलं असेल.”

“कोणत्या राजाला?”

फादरांनी मूर्तीकडे पाहिले.

“तो प्रेषित होता!” इनास म्हणाला.

“आज. त्या दिवशी आरोपी होता.”

बाहेरून कैतान ओरडला, “ब्रदर, शब्द एकच पाहिजे, प्रवचन नको! भरती काय आमच्यासाठी थांबणार हाय?”

कोणीतरी हसले. मग हसणे थांबले आणि वल्ही फरशीवर आपटू लागली. आधी एक, मग सगळी, एका तालात.

“पोलीस?” इनासने विचारले.

“कळवलंय. पण पुलावर पाणी आहे.”

फादरांनी खोलीची किल्ली घेतली. आत गेले. आतून कडी लागली...

इनास चर्चच्या दारात उभा राहिला. चाळीसएक माणसे त्याच्या तोंडाकडे पाहत होती. त्या तालात आपली छाती धडधडते आहे, हे त्याला कळत होते. ते थांबवता येत नव्हते.

वेदीमागच्या खोलीचे बाहेर उघडणारे बाजूचे दार करकरले. पिवळा सदरा. पाठीवर ठिगळ. खाली मान घालून तो भिंतीच्या कडेने समुद्राकडे निघाला होता.

“तोच!” इनास ओरडला. “तो बघा, पळतोय! धरा!”

कैतान सर्वांत पुढे होता. वल्हे ठिगळावरच बसले. माणूस गुडघ्यांवर कोसळला, आणि सावकाश त्याने मान वळवली.

फादर बस्त्याव.

वल्ह्यांचा आवाज बंद झाला.

“फादर... मला काय ठाऊक,” कैतान पुटपुटला. “ब्रदर म्हणाले... मी म्हटलं, ब्रदर म्हणतात तर...”

वेदीमागच्या खोलीत पास्कू कोपऱ्यात बसला होता. अंगावर फादरांचा पांढरा झगा. त्या झग्याला हात लावायला कोणी पुढे झाले नाही. संध्याकाळी पुलावरचे पाणी उतरले आणि पोलीस त्याला चौकशीला घेऊन गेले, तेव्हा त्याचे दोन्ही हात शाबूत होते.

पण ते नंतर. त्या क्षणी इनास फादरांजवळ ओणवा झाला. सदऱ्याचे ठिगळ ओले होत चालले होते.

“फादर, आत... त्यानं सांगितलं का? त्यानंच घेतला?”

“मी सदरा मागितला. दुसरं काही विचारलं नाही.”

“मग... पहाटे मी कोणाला पाहिलं?”



इनासने त्यांना उठवायला हात पुढे केला. त्यांनी तो धरला. पण उठले नाहीत. नुसता धरून राहिले.

“तुझाही थरथरतोय,” ते म्हणाले.

प्याला अद्याप सापडलेला नाही.