उभ्या राणीचा दरबार

एकदा काय झालं, एका राज्यात चारुमती नावाची राणी होती. फार शिकलेली. गणित येई, वैद्यक येई, तारे नावानिशी ठाऊक. महालात भिंतभर पोथ्या होत्या, पण वाचायला फुरसत नाही. सकाळपासून दरबार. कुणाची गाय हरवलेली, कुणाचा बांध सरकलेला. त्यात डोळे अधू होत चाललेले. मग तिनं ठरवलं, दिसतंय तोवर वाचून घ्यायचं. गादी मुलीला द्यायची आणि नदीपलीकडच्या मठात जाऊन राहायचं.

सोपं वाटतं ना? पण त्या राज्यात एक रीत होती, बरं का. राणी उभी असली की कुणी बसायचं नाही, आणि राणी बसली की तिच्यापेक्षा उंच कुणी बसायचं नाही. ही रीत कशासाठी, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून सगळे ती फार कसोशीनं पाळत.

मग राणी उठली आणि म्हणाली, "मी गादी सोडली." झालं, सगळा दरबार उभा. राजकन्या रत्नमालाही उभी. आई उभी असताना ती गादीवर बसणार कशी? दुपार झाली. म्हातारे सरदार एकमेकांना टेकले. त्र्यंबकपंत प्रधान म्हणाले, "सरकार, गादी सोडायची तर सोडा, पण बसून सोडा." राणीला दया आली. ती बसली. म्हणजे राणीच राहिली.

मग दुसऱ्या दिवशी ती गादी सोडून खाली जमिनीवर बसली. मग सगळे जमिनीवर. माडीवरची माणसं खाली आली. माहूत हत्तीवरून उतरला. गादी रिकामी, पण तिच्यावर बसणारा राणीपेक्षा उंच होणार.

मग ती मागच्या दारानं निघाली, नदी ओलांडली आणि चिंचेखाली पोथी उघडून बसली. पाठोपाठ होड्यांतून दरबार आला. "आपण बसाल तिथं दरबार," पंत म्हणाले. गायवाला तर सापडलेली गाय दाखवायला घेऊन आला. दिवस मावळला, एक पान वाचून झालं नाही. राणीला रडू फुटलं.

मग ती परत आली आणि फिर्यादींच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

"सरकार, हे काय?"

"माझी फिर्याद आहे, पंत. ऐका कुणीतरी."

"फिर्याद तर राणीनंच ऐकायची."

"स्वतःची फिर्याद स्वतःच ऐकली, तर तो न्याय कसला?"

पंत गोंधळले. न्याय करणारा बसायला हवा, आणि राणी तर उभी. रीत धरावी तर न्याय जातो, न्याय धरावा तर रीत जाते. सगळे रत्नमालेकडं बघू लागले. तिनं आईकडं पाहिलं. लेक कुठं उभी आहे ते दिसावं म्हणून आई डोळे बारीक करत होती.

मग रत्नमाला चालत गेली आणि आईसमोर गादीवर बसली.

छत काही कोसळलं नाही. सगळ्यांनी वर बघून खात्री करून घेतली.

"फिर्याद काय आहे?"

"मला जाऊ देत नाहीत."

"जा, आईसाहेब. मागं कोण येतं ते मी बघते."

"मग आता राणी कोण?" पंतांनी विचारलं. "आणि आम्ही बसायचं की नाही?"

"बसा पंत," गादीवरून रत्नमाला म्हणाली. "पाय दुखत असतील."

मग काय, चारुमती मठात गेली. डोळे होते तोवर स्वतः वाचत राहिली, पुढं लोक तिला वाचून दाखवू लागले. इकडं रत्नमालेनं राज्य नीट सांभाळलं. नक्की काय घडलं ते पंतांना शेवटपर्यंत कळलं नाही, पण ते बसून सुखात होते. त्यांचं बरं झालं, तुमचंही बरं होवो. आणि आता कुणी बसायचं नाही. आडवं व्हायचं.