ताकदीची बाटली

एकदा एक तरुण डॉक्टर तालुक्याच्या गावी एका वृद्ध डॉक्टरांच्या हाताखाली शिकायला राहिला होता. त्याचे नाव निरंजन. परीक्षेत पहिला आलेला, हाताने चपळ. फक्त 'मला ठाऊक नाही' एवढे म्हणायची त्याला सवय नव्हती. वृद्ध डॉक्टरांना ती चाळीस वर्षांपासून होती. त्यांचे रुग्णालय बारा खाटांचे, आणि गावाचा त्यांच्यावर विश्वास मोठा.

त्या गावाची एक रीत होती. कोणी आजारी पडले की नातलगांचा पहिला प्रश्न असे, "बाटली लावली का?" लावली तर उपचार झाले, नाही लावली तर डॉक्टर हलगर्जी! अलीकडे तर शहरातून अल्ब्युमिनची बाटली आणण्याची टूम निघाली होती. दात्यांच्या रक्तद्रवातून वेगळे काढलेले ते प्रथिन. पण गावाने त्याचे नाव ठेवले होते 'ताकदीची बाटली'. साधे सलाइन कोणीही लावतो, आईला ही बाटली आणून देणारा तोच खरा मुलगा, अशी समजूत होती.

एके दिवशी सकाळी गावातला एक मोठा व्यापारी आपल्या आईला घेऊन आला. द्वारकाबाई ऐंशीच्या पुढच्या. पावले सुजलेली, अंगात त्राण नाही. व्यापाऱ्याने पिशवीतून दोन बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या.

"डॉक्टर, रिपोर्टमध्ये अल्ब्युमिन कमी आलंय. हे बघा, ठळक छापलंय. मी शहरातून मागवून घेतलंय. तुम्ही फक्त लावून टाका."

निरंजनने रिपोर्ट पाहिला. आकडा खरोखरच कमी होता. जे कमी आहे ते भरायचे, यात विचारण्यासारखे काय? शेजारच्या खोलीत वृद्ध डॉक्टर भिवा नावाच्या मजुराच्या पोटातले पाणी काढत होते. त्यांना एक शब्द विचारता आला असता. पण शेठसमोर उठून विचारायला जाणे त्याला कमीपणाचे वाटले. त्याने बाटली लावली, आणि ताकद लवकर यावी म्हणून थेंब भराभर सोडले.

अर्धी बाटली गेली असेल नसेल, द्वारकाबाई खाटेवर उठून बसल्या.

"बाबा, आडवं होववत नाही रे मला," त्या धापा टाकत म्हणाल्या.

तेवढ्यात वृद्ध डॉक्टर आले. त्यांनी बाईंच्या मानेची फुगलेली शीर पाहिली, पाठीला स्टेथोस्कोप लावला आणि बाटली बंद करून टाकली. ऑक्सिजन लावला, लघवी होण्याचे इंजेक्शन दिले, पाठीशी उशा रचल्या.

व्यापारी भडकला. "अर्ध्यातच काढलीत? म्हणूनच आईला धाप लागलीय! या पोराला कळतं ते तुम्हाला कळत नाही?"

"रागवा शेठ, पण आईंना बसूनच राहू द्या," वृद्ध डॉक्टर म्हणाले. बाटली कोणी लावली होती, यावर ते अवाक्षर बोलले नाहीत. निरंजन खाली मान घालून बाटलीचा स्टँड बाजूला सरकवू लागला.

मग वृद्ध डॉक्टर भिवाच्या खोलीत गेले आणि त्यांनी कपाटातून काढली ती अल्ब्युमिनचीच बाटली! निरंजन चक्रावला. तिथे काढली, इथे लावणार?

"सर, बाईंची अर्धी उरली आहे. तीच लावू का?"

"एकाला लावलेली बाटली दुसऱ्याला कधीच नाही. ती टाकून दे." त्यांनी नवी बाटली उजेडात धरून गढूळपणा नाही ना हे पाहिले, तारीख वाचली आणि थेंब संथ सोडले. भिवाच्या अंगावर पुरळ उठतंय किंवा त्याला थंडी वाजतेय का, यावर नजर ठेवायला परिचारिकेला सांगितले. मग ते स्टुलावर बसले.

"काकडीवर मीठ टाकलं की पाणी सुटतं ना? मीठ ते ओढून घेतं. हे प्रथिन तसंच अंगातलं पाणी रक्तवाहिनीत ओढतं. भिवाच्या पोटातून आपण आठ लिटर काढलं. आता त्याच्या रक्तवाहिन्या रित्या पडल्या, तर रक्तदाब कोसळेल, मूत्रपिंडं थकतील. त्याला हे हवंच. द्वारकाबाईंचं हृदय आधीच थकलंय. आहे तेच पाणी त्याला पुढे ढकलवत नाही, आणि तू आणखी ओढून आणलंस. ते फुप्फुसात साचलं. हे ताकदीचं अन्न नव्हे रे. आणि आकडा कमी का झाला, ते आकडा सांगत नाही. त्यासाठी माणूस तपासावा लागतो."

"मी त्यांची पाठ तपासली नाही," निरंजन हळूच म्हणाला.

वृद्ध डॉक्टर भिवाची नाडी पाहू लागले.

निरंजनला भयंकर लाज वाटत होती, आणि त्याहून मोठी भीती शेठची होती. तरी तो शेजारच्या खोलीत गेला. द्वारकाबाईंचा श्वास आता पुष्कळ शांत झाला होता. व्यापारी आईचा हात धरून बसला होता.

"शेठ, सरांनी बाटली काढली म्हणून आई वाचल्या. त्यांना धाप लागली ती बाटलीमुळे, आणि ती मी लावली होती. त्यांना न तपासता, सरांना न विचारता."

व्यापाऱ्याचे डोळे भरून आले.

"हट्ट तर माझाच होता," तो म्हणाला.

"कोणाचा का असेना," उशांना टेकलेल्या द्वारकाबाई म्हणाल्या, "मला एकदा तरी विचारायचं होतंस, आई, तुला काय होतंय म्हणून."

वृद्ध डॉक्टर दारात उभे राहून हे ऐकत होते. त्या दिवसापर्यंत त्यांनी निरंजनला रुग्णालयात एकटे सोडले नव्हते. त्या दुपारी ते प्रथमच जेवायला घरी गेले.