बोटाखाली बोट

"आणखी किती दिवस ही एकच तार, रुजाय?"

केळुसकर सरांचा आवाज शाळेच्या पटांगणापलीकडे पोचेल एवढा होता. खोली मात्र दहा बाय दहाची.

रुजाय लोबोनं मान वर केली नाही. तो स्वतःच्या गिटारीची खुंटी पिळत होता.

"सूर बसेपर्यंत," तो म्हणाला.

"आज एकोणिसावा दिवस! माझ्यामागून आलेली ती पोस्टातली मुलगी दोन कॉर्ड वाजवायला लागली. आणि मी? तिसरी तार, दुसरी पट्टी, पहिलं बोट. तिसरी तार, दुसरी पट्टी, पहिलं बोट!"

"वाजवा, सर."

सरांनी डाव्या हाताचं बोट तारेवर रोवलं. उजव्या अंगठ्यानं तार छेडली.

"चढला."

"काय चढला?"

"सूर. तार फार दाबली की सूर वर चढतो. हलक्या हातानं."

"हलक्याच हातानं दाबतोय मी!"

रुजाय खुंटी सोडून म्हणाला, "पुन्हा."

वेंगुर्ल्यात केळुसकर सरांना 'पुन्हा' म्हणणारं माणूस नव्हतं. चौतीस वर्षं त्यांनी इथल्या हायस्कुलात गणित शिकवलं, शेवटची अकरा मुख्याध्यापक म्हणून. सर व्हरांड्यात आले की वर्गातले पंखेसुद्धा हळू फिरतात, असं मुलं म्हणायची. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी बाजारातून सर चालले की चाळिशीतले बाप्ये हातातली विडी पाठीमागे लपवत.

फेब्रुवारीत सरांना अर्धांगाचा हलका झटका आला. वाचा गेली नाही, पाय गेला नाही. घरच्यांनी नारळ वाढवला. पण डाव्या हाताच्या बोटांची समज गेली होती. पेला धरला तर निसटायचा, नाहीतर केळं सोलायला घेतलं की मुठीत लगदा व्हायचा. किती जोर लावायचा, हे बोटांना उमगतच नव्हतं.

डॉक्टरांनी सांगितलं, बोटं एकेक वेगळी चालतील असं काहीतरी रोज करा. पहिले सहा महिने महत्त्वाचे. त्यातले तीन तर नुसते विश्रांतीत गेले होते.

लेकीची गिटार तिच्या लग्नापासून कपाटावर पडून होती. सरांनी ती उतरवली, फडक्यानं पुसली आणि गावातल्या एकुलत्या एक गिटारवाल्याचं घर विचारत निघाले.

रुजाय लोबो चर्चमध्ये वाजवायचा, लग्नांत वाजवायचा. घराच्या पुढच्या खोलीत त्याची बायको लुर्दीन हिचं शिवणकाम, मागच्या खोलीत त्याचा क्लास. सर दारात दिसले तसा तो ताडकन उठून उभा राहिला होता. घरातली एकच पाठीची खुर्ची त्यानं पुढे केली.

"सर... तुम्ही?"

"वेळ जात नाही," सर म्हणाले. हाताचं त्यांनी सांगितलं नाही. ते कुणालाच सांगत नसत.

लोबो नावाची किती मुलं हाताखालून गेली होती. हा चेहरा काही त्यांना आठवला नव्हता.

"पुन्हा," रुजाय म्हणाला.

सरांनी दाबलं. पोलादी तार बोटाच्या जुन्या चिरेत नेमकी शिरली. कळ पार कोपरापर्यंत गेली.

"चढला."

"पुरे!" सरांनी गिटार भिंतीला टेकवली. बोटावर रक्ताचा ठिपका आला होता. तो त्यांनी धोतरात लपवला.

पुढच्या खोलीतलं शिलाई मशीन थांबलं. थोड्या वेळानं परत सुरू झालं.

"उद्या दहाला या, सर," रुजाय म्हणाला.

वाटेत सर आरोलकरांच्या औषधाच्या दुकानात थांबले. गल्ल्यावर दिगंबर आरोलकर होता, त्यांचाच जुना विद्यार्थी.

"बोटाला लावायच्या पट्ट्या दे."

दिगंबरनं बोट पाहिलं. "काय कापलं, सर?"

सांगावं की नाही, सरांचं ठरेना. "गिटार शिकतोय," ते अखेर म्हणाले. "त्या लोबोकडे."

दिगंबरचा हात बरणीवरच राहिला.

"रुजायकडे?... त्यानं घेतलं तुम्हाला?"

"न घ्यायला काय झालं?"

"काही नाही, सर."

"दिगंबर." हा आवाज ऐकून या दुकानदारानं कधीकाळी खोटं बोलायचं सोडलं होतं.

"आम्ही एका बाकावर होतो, सर. आठवीत. साहेब तपासणीला यायचे होते आणि वर्गात शांतता हवी होती. रुजाय बाकावर बोटांनी ठेका धरून बसला होता. त्याला कळायचंसुद्धा नाही, बोटं आपोआप चालायची त्याची. तुम्ही आलात. म्हणालात, ज्या हातानं वाजवतोस तो पुढे कर."

"मग?"

"लाकडी पट्टी होती. तिच्या कडेनं मारलंत तुम्ही, सर... डाव्या करंगळीचं हाड मोडलं. तीन आठवडे हात बांधून यायचा. घरी सांगितलं, झाडावरून पडलो."

सरांनी पट्ट्यांची पुडी उचलली. सुटे पैसे घ्यायचे राहून गेले.

ती सबंध दुपार सर ओसरीवर बसून होते. तो वर्ग, तो बाक, ते बोट, काहीतरी डोळ्यापुढे यावं म्हणून त्यांनी जंग जंग पछाडलं. चौतीस वर्षांतले कितीतरी हात आठवले. घामेजलेले, शाईनं भरलेले, मागे घेतलेले, न थरथरता पुढे आलेले. त्यात रुजायचा हात कुठला, ते काही केल्या आठवेना.

मोडलं होतं त्यापेक्षा, आठवत नाही, हे जास्त टोचत होतं.

मग संध्याकाळच्या सुमाराला मनात दुसराच विचार घुसला आणि ठाण मांडून बसला. एकोणीस दिवस एकच तार. रोज तेच बोट, रोज तीच चीर. 'चढला'. 'पुन्हा'. म्हाताऱ्याची बोटं रक्ताळेपर्यंत समोर बसवून बघत राहायचं... हे शिकवणं नव्हेच!

दुसऱ्या दिवशी दहाला पाच कमी असताना सर रुजायच्या दारात उभे होते. गिटार आणली होती, पण खोळीतून काढली नाही.

"डावा हात दाखव."

रुजायनं त्यांच्याकडे पाहिलं. मग हात पुढे केला. तळवा वर, बोटं पसरलेली. शाळेत करायची मुलं तसाच.

"उलटा कर."

चार बोटं सरळ होती. करंगळी मधल्या पेरापासून आत वळलेली.

"वाजवताना वापरतोस ही?"

"नाही. तीन बोटांवर भागवतो."

"माझ्यामुळे?"

"हाड जुळलं, सर. जरा वाकडं जुळलं एवढंच."

पुढच्या खोलीतलं मशीन बंद पडलं. या वेळी ते सुरू झालं नाही.

"एवढं होतं तर पहिल्याच दिवशी तोंडावर सांगायचंस. दारातून हाकलायचंस. ते नाही. खुर्ची दिलीस, चहा दिलास, आणि रोज... सूड उगवतोयस माझ्यावर?"

लुर्दीन उंबऱ्याशी येऊन उभी राहिली. हातात कात्री होती. तिच्या ओठांवर आलेलं रुजायनं नुसत्या मानेनं थांबवलं.

"सूड घ्यायचा असता," तो सावकाश म्हणाला, "तर पहिल्याच दिवशी 'छान' म्हटलं असतं. दुसऱ्या दिवशी दोन कॉर्ड दाखवले असते. तुम्ही जन्मभर चुकीचं वाजवत बसला असता आणि मी ऐकलं असतं."

सर उभेच.

"मग सांगितलं का नाहीस, मी कुठं चुकतो ते?"

"एकोणीस दिवस तेच सांगतोय. हलक्या हातानं."

"मला कळत नाही रे, हलकं म्हणजे काय!"

हे इतक्या मोठ्यानं आलं की सर स्वतःच दचकले. डावा हात त्यांनी उजव्या हातात घट्ट धरला होता.

"कळत नाही मला," ते पुन्हा म्हणाले. आवाज उतरला होता. "झटका आला होता. या बोटांत काही समजत नाही. दाबतोय की चिरडतोय... केळं धरता येत नाही मला, रुजाय."

अंगणात कोंबडी पाचोळा उकरत होती, तेवढाच आवाज.

"माहीत आहे," रुजाय म्हणाला. "पहिल्या दिवशी चहाचा कप धरलात तेव्हाच कळलं. तुम्ही सांगाल म्हणून थांबलो होतो."

सर खुर्चीत बसले.

लुर्दीननं कात्री ठेवली आणि ती आत गेली.

रुजायनं सरांच्या गिटारीची खोळ सोडवली. गिटार त्यांच्या मांडीवर ठेवली. स्वतः स्टूल ओढून डाव्या बाजूला गुडघ्याला गुडघा लागेल असा बसला. मग त्यानं हात लांबवून आपलं बोट तिसऱ्या तारेवर, दुसऱ्या पट्टीजवळ ठेवलं.

करंगळी.

"ठेवा तुमचं बोट. हिच्यावर."

"हिच्यावर नको."

"हिच्यावरच. बाकीची बोटं पेरात लवतात. ही लवत नाही. तुम्ही जेवढं दाबाल तेवढंच खाली तारेपर्यंत जाईल."

"दुखेल तुला."

"दुखेल."

सरांचं बोट हवेत तसंच राहिलं. पट्टी बांधलेलं, सुजलेलं. कितीतरी वेळ ते खाली येईना.

"सर," रुजाय म्हणाला, "दहा वाजून गेले."

त्यांनी बोट ठेवलं. दाबलं. उजव्या अंगठ्यानं तार छेडली.

"चढला."

सरांनी खाली पाहिलं. रुजायच्या करंगळीचं नख पांढरंफटक पडलं होतं. बोटाच्या टोकाशी तार मांसात पार रुतून बसली होती. रुजायच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, पण मनगटाजवळची एक शीर ताणून उभी राहिली होती.

"मी... एवढं दाबतोय?"

"एवढं दाबताय. कमी करा."

त्यांनी कमी केलं. नख पांढरंच. तार वाजली.

"चढला. आणखी कमी."

आपल्या बोटात सरांना अजूनही काही कळत नव्हतं. पण डोळे त्या नखावर खिळले होते. त्यांनी आणखी सोडलं. नखाच्या मुळाशी गुलाबी कोर उमटली. तार वाजली.

"आणखी."

"आता आवाजच येणार नाही."

"आणखी, सर."

कोर वाढली. अर्ध्या नखापर्यंत रंग परतला. सरांनी श्वास रोखून धरला होता. घामाचा थेंब नाकावरून गिटारीवर पडला, तो पुसायलाही ते हलले नाहीत. आता बोट म्हणजे नुसतं टेकवलेलं होतं. झोपलेल्या माणसाच्या कपाळावर हात टेकवावा तसं.

अंगठ्यानं तार छेडली.

सूर आला. स्वच्छ, गोल, सरळ. खोलीभर गेला आणि राहिला.

रुजाय काही म्हणाला नाही. 'चढला' नाही, 'पुन्हा' नाही.

दारात लुर्दीन परत येऊन उभी राहिली होती. तिनं पदर तोंडाशी धरला.

"एवढ्यानं वाजतं?" सर पुटपुटले.

"एवढ्यानंच."

सर त्या नखाकडे पाहत होते. आता ते पुरतं गुलाबी झालं होतं. वाकडं पेर मात्र वाकडंच होतं. चौतीस वर्षं... किती बाक, किती हात, आणि यातला हा कुठला, हे अजूनही आठवत नव्हतं. सूर अजून हवेत होता, बारीक होत चाललेला.

"रुजाय," ते म्हणाले, "त्या दिवशी मी तुला..."

"सर, बोलायच्या नादात बोट उचललंत तुम्ही. ठेवा परत."