करंगळीचा सूर

"मग खुर्ची माझी की नाही, मास्तर? आज सांगाच."

सुहास कोठारे पियानोवरचे हात न उचलताच बोलला. माथेरानच्या या हॉटेलात सात वर्षं तो आग्नेलो मास्तरांकडे ब्लूज, ते अमेरिकेतलं दर्दभरं संगीत, शिकत होता. मास्तर आता कायमचे गोव्याला निघाले होते. त्यांच्या जागी कोण बसणार, हे मालकाने त्यांच्यावरच सोपवलं होतं. मास्तर नाही म्हणाले, तर सोमवारपासून सुहास मामाच्या गिरणीत कारकून.

मास्तर म्हणजे अचाट माणूस. आगबोटीवर बटाटे सोलता सोलता न्यू ऑर्लिन्सच्या बंदरात ब्लूज शिकलेला. हा पियानो सोळा हमालांनी डोंगरावर चढवला, तेव्हा मास्तर चालता चालता तो वाजवत होते म्हणे. सोळाही जण रडत होते, आणि ओझ्याने नव्हे.

"पुन्हा वाजव."

सुहासने वाजवलं. मास्तरांचीच लय, त्यांचाच मधला हुंकार. शेवटच्या कडव्याआधी तोच श्वासभराचा थांबा... माथेरानभर गाजलेला.

"या थांब्यात एक सूर गाळलास."

"तुम्हीही गाळता, मास्तर."

मास्तरांनी डावा हात पुढे केला. वाकडी करंगळी.

"ही कशी मोडली?"

"आगबोट हेलकावली, पियानोचं झाकण पडलं. शंभरदा सांगितलंत."

"तो सूर हिचा होता... तुझी करंगळी कुणी मोडली रे?"

सुहासचे कान तापले. तो थांबा त्याने आरशासमोर बसून घोटला होता.

"एवढंच ना? खुर्चीसाठी तीही मोडून घेईन."

"घे."

मास्तर उठले. दोन्ही हातांनी झाकण तोलून धरलं.

"ठेव हात."

त्याने ठेवला.

"मास्तर... थट्टा करताय ना?"

मास्तर हसले नाहीत.

...

झाकण सुटलं.

सुहासने हात ओढला. ओढता ओढता करंगळी पट्टीवर आपटली आणि तो खर्जातला सूर गुरगुरला, भेदरलेला, ओबडधोबड. मागोमाग धाडकन झाकण. व्हरांड्यातली माकडंसुद्धा चिडीचूप.

सुहासचा पाय सूर लांबवणाऱ्या पेडलवरच रोवलेला होता. बंद झाकणाखाली सूर घुमत राहिला.

तो विरेपर्यंत मास्तर मान तिरकी करून ऐकत होते. मग त्यांनी झाकण उघडलं आणि जाऊन पाहुण्यांच्या वेताच्या खुर्चीत बसले.

"हा सूर माझ्याकडे नव्हता. इथून पुढे वाजव."